गुंडूचा श्रावण

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. हसा. फक्त हा किस्सा माझ्याच तोंडून ऐका, आमच्या सुमनकडून नको. ती माझी बायको आहे, आणि ती सांगायला लागली की मी आहे त्याहून जास्त बावळट दिसतो.

तर कळंबात आमचं पशुखाद्याचं दुकान आहे. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा. वडिलांपासूनचा धंदा. म्हैस दूध चोरायला लागली, बैल वाळला, शेळी तोंड फिरवायला लागली, की माणसं डॉक्टरच्या आधी माझ्याकडं येतात. मीपण असा शहाणा, की जनावर न बघताच सांगतो, कोंडा कमी करा, भरडा वाढवा. निम्म्या वेळा जनावर सुधारतं. उरलेल्या निम्म्या वेळा माणूस परत येत नाही, त्यामुळं माझं नाव चांगलंच राहिलंय.

आता ह्यात मासा कुठून आला? सुनेबरोबर आला.

आमच्या महेशचं लग्न ह्याच उन्हाळ्यात झालं. सून श्रुती, नळदुर्गची. रुखवतात लाडू-करंज्या सगळ्यांच्याच येतात. आमच्याकडं त्याच्या जोडीला एक काचेची पेटी आली आणि पेटीत एक मासा. काळा, अंगावर नारिंगी डाग, तळहाताएवढा. ऑस्कर म्हणतात त्याला. कॉलेजात असताना तिनं तो बोटाएवढा आणला होता, तिथून एवढा केला. तिच्या माहेरी निम्मं बोलणं कानडी, म्हणून गोलमटोल माशाचं नाव गुंडू.

आम्ही लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नाही. पण मासा जिवंत आणि पाण्यात असल्यावर कुणाची काय हरकत असणार? उलट मला तो फार आवडायचा. त्याचं कारण असं, की श्रुती नवीन, बुजलेली. विचारलं तेवढंच बोलायची. फक्त गुंडूच्या पेटीजवळ गेली की तिचं तोंड उघडायचं. मला मुलगी नाही. ह्या पोरीनं आपल्याशी दोन शब्द बोलावेत असं मला आतून वाटायचं, म्हणून मी दुकानातून आलो की आधी पेटीजवळ जाऊन उभा राहायचो.

मग पंचमी आली. लग्नानंतरची पहिली पंचमी, तिचा भाऊ न्यायला आला. आता पोरगी श्रावणभर माहेरी राहणार. जाताना तिनं माझ्या हातात एक डबी दिली.

"मामा, गुंडूकडं तुम्हीच बघा. ह्यांच्या लक्षात राहत नाही. सकाळ-संध्याकाळ ह्यातल्या गोळ्या घालायच्या. दुसरं काही नको."

मी म्हणालो, "अगं, सगळ्या तालुक्याची जनावरं बघतोय मी. तू निवांत जा."

ती गाडीत बसली, गाडी वळली, आणि मी डबीवर काय काय लिहिलंय ते वाचायला घेतलं. सवय हो. पोतं असो की डबी, आत काय आहे ते वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. चष्मा लावून वाचलं, तर पहिल्याच ओळीत माशाची भुकटी. दुसऱ्या ओळीत झिंगे.

श्रावणात, आमच्या घरात, देवघराच्या भिंतीला लागून झिंगे!

सुमनला सांगितलं. मला वाटलं ती माझ्याहून जास्त भडकेल. ती भाजी निवडत म्हणाली, "माशाला कसला आलाय श्रावण? पोरीनं दिलंय तेच घाला गप."

पण ऐकेल तो मी कसला? आमच्याकडून शेततळ्याची माणसं रोहू-कटल्याला पेंड आणि कोंडा पोत्यानं नेतात. त्यांचे मासे खातात ना? मग मासा तो मासा. मी डबी गोदामात नेऊन ठेवली आणि गुंडूसाठी खास मिश्रण केलं. शेंगदाणा पेंड, मक्याचा भरडा, चिमूटभर खनिज मिश्रण, वासाला गूळ. मटकीएवढ्या गोळ्या वळल्या. म्हशीला घातल्या असत्या तर तिनं मला आशीर्वाद दिला असता.

गुंडूनं पहिली गोळी तोंडात घेतली आणि थुंकली. दुसरी घेतली, तीही थुंकली. तिसरीकडं त्यानं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

दोन-चार दिवसांत पाणी ताकासारखं झालं. मी पाणी बदलायचो, गोळ्या घालायचो, परत ताक. गुंडू कोपऱ्यात जाऊन बसला. रंग उतरला. इकडं रोज संध्याकाळी श्रुतीचा व्हिडिओ कॉल. "मामा, गुंडू दाखवा ना." मी मोबाइल पेटीवरून असा सर्रकन फिरवायचो की तिला मासा दिसावा आणि तब्येत दिसू नये. मग रेंज जाते म्हणून बंद करायचो.

खरं सांगतो, त्या पोरीनं आमच्या घरात येताना स्वतःचा म्हणून हा एकच जीव आणलेला. तो माझ्या हातून गेला, तर ती मला काही बोलणार नाही, हेच वाईट. ती परत कधीच काही बोलणार नाही.

डबी परत आणावी असं एकदा मनात आलं. पण तेवढ्यात माझ्यातला जाणकार जागा झाला. गव्हाणीला एकटा बांधलेला बैल खात नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शेजारी दुसरा बांधला, की त्याच्या ईर्षेनं पहिला खातो. गुंडूचं तेच झालेलं. श्रुती गेली, एकटा पडला. त्याला जोडीदार पाहिजे.

तडक एसटीनं धाराशिवला गेलो. तिथं माशांचं एक दुकान आहे. दुकानदाराला सांगितलं, ऑस्कर आहे, तळहाताएवढा, खाईना झालाय, चार-पाच बारके मासे द्या. कशाला ते मी सांगितलं नाही. एवढी साधी गोष्ट काय सांगायची? त्यानंही विचारलं नाही. त्यालाही ती साधीच वाटली.

कोपऱ्यातल्या एका टाकीत बारीक माशांचा नुसता बुजबुजाट होता. त्यानं तिकडं न बघताच जाळी घातली. मी म्हणालो, "जरा बघून द्या की. गरीब स्वभावाचे पाहिजेत. भांडणारे नको."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "काका, हे सगळे गरीबच असतेत."

पाण्याची पिशवी मांडीवर धरून मी कळंबपर्यंत आलो. येरमाळ्याच्या पुढं रस्ता तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक खड्ड्याला मी पिशवी वर उचलायचो, लहान पोराला उचलावं तसा. शेजारच्या बाईंनी विचारलं, कुणाला नेताय एवढे? मी म्हणालो, सुनेच्या माशाला सोबत.

घरी येऊन त्यांना पेटीत सोडलं आणि वरून पोतं टाकलं. कारण नवीन जनावर आणलं की पहिल्या दिवशी त्याला माणसांनी घेरायचं नसतं. त्यांची त्यांना ओळख करून घेऊ द्यायची.

सकाळी पोतं काढलं. गुंडू मधोमध, ताजातवाना, शेपूट हलवतोय. सोबती मात्र एकही नाही.

सुमन मागं येऊन उभी राहिली. "अहो, ह्यानंच खाल्ले नसतील न्हवं?"

मी तिला समजावलं, की एका गव्हाणीला बांधलेलं जनावर जोडीदाराला कधी खातं का? ती गप्प बसली. ती गप्प बसली की मला वाटतं तिला पटलं. एवढी वर्षं संसार झाला तरी माझा हा गैरसमज जात नाही.

मी निदान केलं, की उडी मारून बाहेर पडले असतील आणि मांजरानं नेले असतील. सोफ्याखाली बॅटरी मारून शोधलं. परत धाराशिव गाठलं, परत गरीब स्वभावाचे आणले, ह्या वेळी पोत्याखाली धान्याची चाळणपण ठेवली. परत तेच. मग म्हटलं, बारक्यांना आपलं खनिज मिश्रण सोसत नसेल, विरघळत असतील. तरी सोबती आणत राहिलोच. आता हसताय काय? तुम्ही विचार केला असता तर तुम्हालाही असंच काहीतरी सुचलं असतं.

पण गुंडू! काय तब्येत झाली त्याची! अंगावर चकाकी, नारिंगी डाग निखाऱ्यासारखे, पाठ रुंद. पेंड अंगी लागली असं मी जाहीर केलं. तळाला माझ्या गोळ्यांचा थर साचलेला असायचा, पण मी समजायचो, पोट भरून उरलेल्या असतील. गुंडूचा फोटो काढून व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं, 'शुद्ध शाकाहारी मासा, आमच्याच दुकानच्या पेंडीवर वाढवलेला.' दुकानात येणारा प्रत्येकजण विचारायला लागला. ईट गावचा एक शेतकरी तर म्हणाला, अण्णा, शिकवलं की सगळं होतंय बघा. मी मान डोलावली. आठवडाभर नुसती मान डोलावत होतो.

श्रुतीचा फोन आला. "मामा, नेमकं काय घालताय तुम्ही?" मी म्हणालो, आल्यावर बघ.

श्रावण संपला. श्रुतीला सोडायला व्याही स्वतः आले, शरणप्पा. गाडीतून उतरता उतरता म्हणाले, "पावणं, स्टेटस बघितलं तुमचं. नळदुर्गात मी समद्यांना दाखवलंय."

आता एवढं झाल्यावर माणूस काय करील? मी आदल्याच दिवशी धाराशिवहून ताजे सोबती आणून ठेवले होते. पाहुण्यांच्या देखत सोडायचे ठरवले. चहा झाला, सगळे पेटीपुढं बसले. मी आधी छोटंसं भाषण केलं. घराचा संस्कार मुक्या जीवालाही लागतो, वगैरे. मग पिशवी उघडून मासे सोडले. पाहुण्यांना बघायचं होतं, म्हणून आज पोतं टाकलं नाही.

गुंडू वळला. तोंड उघडलं, मिटलं. एक गेला. परत उघडलं, मिटलं. माझा 'अरे' तोंडातून बाहेर येईपर्यंत पेटी रिकामी झाली होती. गुंडूनं एकदा शेपूट आमच्या बाजूनं दिमाखात फिरवलं.

शरणप्पांनी टोपी काढली, परत घातली.

"पावणं," ते हळूच म्हणाले, "तुमच्यात श्रावण संपायची लई घाई असतीय वाटतं."

सुमन पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मी श्रुतीकडं बघायला धजेना. शेवटी तीच बोलली, अगदी हलक्या आवाजात.

"मामा, मलापण दुकानदारानं सांगितलं होतं, जिवंत मासे घाला, ह्याला तेच लागतं. माझ्याच्यानं झालं नाही. जीव असतो ना त्यांना. म्हणून तर मी त्या कोरड्या गोळ्या घालत होते."

घ्या. ज्या पोरीची डबी मी गोदामात टाकली, ती पोरगी पाप लागेल म्हणून जपून वागत होती. आणि मी, भर श्रावणात, एसटीनं जाऊन, स्वतः मांडीवर घेऊन, खड्डे चुकवत, जिवंत जेवण घरपोच करत होतो. तेही गरीब स्वभावाचं निवडून.

मी तिला तसं म्हणालो, आणि श्रुती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आमच्या घरात आल्यापासून ती मोकळी हसली ती त्या दिवशी. त्या हसण्यापायी माझी अजून चार वेळा फजिती झाली तरी चालेल, असं मला वाटून गेलं.

मग तिनं डबी मागून घेतली. चिमटीत गोळ्या धरून काचेशी गेली आणि लाडानं हाक मारली, "गुंडू, ए गुंडू." ज्यानं तिच्या हातचं खाऊन एवढं अंग केलं, त्यानं तिच्याकडं पाठ फिरवली.

तिनं मला जवळ बोलावलं. मी नुसता काचेपुढं जाऊन उभा राहिलो, हातात काही नाही. गुंडू सुसाट आला, काचेला नाक लावलं आणि तोंड उघडून माझ्याकडं बघत राहिला. ह्या घरात मांसाहाराचं कोण बघतं, ते त्याला बरोबर कळलं होतं.