तुपाच्या डब्यातलं झुडूप

नवरा फौजेत. लग्नानंतरच्या दुसऱ्या सुट्टीत तो थंड डोंगरावरच्या छावणीतून तुपाच्या डब्यात एक झुडूप घेऊन आला. वीतभर उंच, बारीक सुईसारखी पानं. तिकडच्या माळ्यानं दिलेलं. "तांदळाच्या कणीएवढी गुलाबी फुलं येतात म्हणे. जगवून दाखव," म्हणाला, आणि सालेकस्याहून गाडी धरून निघून गेला. मग मी हट्टालाच पेटले. फुललेलं झाड त्याला दाखवायचंच.

त्याला हीथ म्हणतात हे फार पुढं कळलं. तेव्हा माळ्यानं सांगितलेलं तेवढंच ठाऊक: चुना नको, राख नको, खाऱ्या पाण्याचा थेंब नको. आमच्या हापशाचं पाणी असं, की पाण्याच्या गुंडावर, म्हणजे घागरीवर, पांढरा थर बसतो. म्हणून पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवलं. जंगलातला कुजलेला पाला आणि वाळू मिसळून कुंडी भरली. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी रांजणाची सावली, उन्हाळ्यात भोवती ओलं पोतं. मुळं वरवरची असतात, एकदा कोरडी पडली की खेळ खल्लास.

घरात बोलायला सासू, आणि तिला ऐकू कमी. बूथवर त्याचा फोन यायचा, पण मागं लोक ताटकळलेले. "बरी आहेस ना?" "बरी आहे." झालं. त्यात पुढची सुट्टी रद्द झाली. घर खायला उठायचं, म्हणून मी झाडाशी बोलू लागले. हसायचं तर हसा.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्रभर नाटक असतं, घरोघरी पाहुणे. त्यासाठी सासूनं भिंतींना चुना मारला. उरलेला कुंडीला फासला, त्यातूनही राहिला तो झाडाच्या बुडाशी ओतला. आमच्याकडं आंब्यालाही तसाच ओततात, वाळवी लागू नये म्हणून. मी कपाळाला हात लावला.

"तुयाच झाडासाठी केलं ना व मी. काऊन रागावून राहिली?"

तिच्यावर काय चिडणार? माती काढून टाकली, मुळं पावसाच्या पाण्यात धुतली, पुन्हा लावलं. तरी अर्धं झुडूप वाळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

उरलेली बाजू जगली. दुसऱ्या थंडीत फुलली, आणि फुलं असतानाच तो सुट्टीवर आला. मी कुंडी मुद्दाम दाराशी ठेवली होती. पाय धुता धुता त्याचं लक्ष गेलं. वाकून त्यानं फुलांना हात लावला. मी टॉवेल पुढं केला.

"असलं झाड आमच्या तिकडं डोंगरावर राहते," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला आणून देतो तुले एक."

"आणा," मी म्हणाले.