वैद्य सरांच्या अंगणातला उलटा पावसाळा

जुलैत वैद्य सरांच्या अंगणात आठ झाडं बुडत होती आणि सर छत्री धरून ती मोजत होते. त्या झाडांची डॉक्टर मी. बी.एस्सी. ॲग्री, लँडस्केपिंगचा धंदा, कर्जत ते खालापूर सगळे बंगलेवाले माझे क्लायंट. मोजून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, "ट्रान्सप्लांट शॉक आहे." म्हणजे जागा बदलल्यामुळे झाड रुसतं. आमच्या धंद्यात हे कारण फार उपयोगी पडतं.

सर कर्जतच्या शाळेत सायन्स शिकवायचे. रिटायर झाल्यावर लोधिवलीला छोटं घर बांधलं. जुन्या घरचा आंबा रस्तारुंदीत गेला, पण त्याआधी त्यांच्या पत्नीने त्याचं एक कलम बांधून ठेवलं होतं. नंतर त्याही गेल्या. पिशवीतलं ते एकच कलम उरलं होतं. ते नव्या अंगणात जगावं, एवढीच सरांची मागणी होती.

त्यांना मे महिन्यात, वास्तुशांतीलाच सगळी झाडं लावायची होती. मी अडवलं. नवं झाड मुळं पसरेपर्यंत पाणी नीट ओढू शकत नाही आणि मेचं ऊन पानातलं पाणी शोषून घेतं. जमीन भिजली की जूनअखेर लावू, असं मी ठणकावून सांगितलं. सरांनी वहीत लिहून घेतलं. मला फार बरं वाटलं.

जूनअखेर तीन-तीन फुटांचे खड्डे घेतले. माझ्याकडे कामाला हिरूबाई आहे, डोंगराखालच्या ठाकरांच्या वाडीवरची. पहिल्या खड्ड्याच्या तळाची माती तिने मुठीत दाबली आणि कुदळ खाली ठेवली.

"बाय, आत्ता नको लावू. इथं भाताचं खाचर व्हतं. आमी लावनी केलीय इथं."

मी म्हटलं, आता वर दोन फूट मुरमाचा भराव आहे, पाणी निचरून जाईल.

"मुरमातून जाईल, पन खालच्या मातीतून नाय जायाचं. घट बसल्यावर लाव."

घट बसतात तेव्हा पाऊस परतीला लागलेला असतो, तेव्हा कोण झाडं लावतं? मी तिला मातीचा निचरा या विषयावर छोटंसं लेक्चर दिलं. तिने ते शांतपणे ऐकलं. सर मात्र विचारात पडले. म्हणाले, "प्रयोगात एक नमुना बाजूला ठेवतात. आंबा राहू दे पिशवीत." मला तो डिग्रीचा अपमान वाटला. आठ झाडं मी हट्टाने त्याच दिवशी लावली आणि कलम ओट्यावर राहिलं.

मग पाऊस लागून राहिला. खड्ड्यात आम्ही भुसभुशीत माती भरली होती, खाली मात्र चिकणमाती. वरून शिरलेलं पाणी बाहेर पडेना. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि इथे प्रत्येक झाड भरलेल्या बादलीत उभं होतं. आठवड्याने त्या आठांतला चिकू उपटून पाहिला. मुळं काळी पडली होती आणि कुजका वास येत होता. आता शॉक मला बसला. सरांच्या डोळ्यांत बघायची लाज वाटली. आठांतलं एकही वाचलं नाही.

घट बसले. हिरूबाईने खड्डा घेतलाच नाही. मुरूम, माती आणि शेणखत मिसळून गुडघाभर उंच ढीग केला आणि त्यावर कलम लावलं. माती ओली होती, पण पाणी साचत नव्हतं. पुढे ऊन वाढलं तसं सर रोज सकाळी मोजून पाणी घालू लागले. उन्हाळ्याआधी कलमाला तांबूस पालवी फुटली, तेव्हा ती मला दाखवायला सरांनी मुद्दाम बोलावलं. एक पान बोटांत धरून ते बराच वेळ उभे होते.

आता मी कुठेही आधी एक खड्डा घेते, त्यात पाणी ओतते आणि चहाला जाते. परत आल्यावर पाणी दिसलं, तर लावायचा महिना सांगत नाही. आधी तिथे पूर्वी काय पिकायचं ते विचारते.

पालवी बघून मी निघताना सरांनी वही उघडली. "मग त्या आठांच्या जागी नवी कधी लावायची?"

मी म्हटलं, "हिरूबाईला विचारून सांगते."

"उत्तर बरोबर," सर म्हणाले. "उशिरा दिलंत, म्हणून अर्धा मार्क."