नाना सीरियस

माझ्या वडिलांना मी एकदा मृत्युशय्येवर झोपवलं होतं, आणि तेही व्याकरणाची एकही चूक न करता.

वास्तविक तेव्हा नानांची तब्येत ठणठणीत होती. आजार म्हणावा तर त्यांना एकच होता, मुलीसाठी आलेली स्थळं नाकारण्याचा. माझी धाकटी बहीण कुंदा माझ्याकडेच दिल्लीत राहून नोकरी करत होती. तिच्यासाठी नानांनी तोवर अकरा मुलं पाहिली होती आणि अकराही नापास केली होती. एक चहा पिताना आवाज करतो म्हणून. एक अजिबात आवाज करत नाही म्हणून. (“असा माणूस आतल्या गाठीचा असतो!”) आणि एकाला तर केवळ तो नानांच्या खुर्चीत बसला म्हणून!

मग बारावं स्थळ आलं, पहाडगंजच्या कर्णिकांचं. तीन पिढ्या दिल्लीत मुरलेलं मराठी घर. मुलगा सुधीर, इंजिनिअर. नाना त्याला बाहेरच्या बाहेर एकदा भेटून आले आणि कोट न काढताच मला म्हणाले,

“श्री, दादाला ताबडतोब कळव. रविवारी कर्णिक मंडळी आपल्याकडे येतायत. थोरला भाऊ बैठकीला हवा. त्याला सांग, या वेळी मी अगदी सीरियस आहे.”

माझा थोरला भाऊ, दादा, नागपूरला. फोन ना त्याच्याकडे, ना आमच्याकडे. ते दिवसच तारेचे होते. मी एका मंत्रालयात कारकून होतो आणि दिवसभर इंग्रजी मसुदे लिहायचो. साहेब ते सगळे खोडायचे, ही गोष्ट नागपूरला माहीत नसल्यामुळे घराण्यात माझ्या इंग्रजीचा दबदबा होता. तार म्हणजे कमीत कमी शब्द! मी कागद ओढला आणि एका झटक्यात मसुदा केला : नाना सीरियस, रीच बिफोर संडे.

“स्थळाचं काहीच नाही लिहिलंत ते?” माझी बायको सुषमा म्हणाली.

“सविस्तर पत्र आधीच गेलंय ना! तार ही फक्त आठवण.”

“अहो, पण वाचायला कसंतरीच वाटतंय.”

“तुला सरकारी इंग्रजीची सवय नाही,” मी म्हणालो. (हे वाक्य पुढे ती मला अठ्ठावीस वर्षं ऐकवत आलीय!)

तार ऑफिसात ही लांब रांग. पण खिडकीतल्या बाबूनं माझ्या हातातला कागद लांबूनच वाचला आणि खुणेनं मला पुढे बोलावलं. रांगेतल्या लोकांनीही मुकाट वाट दिली. दिल्लीत! मी चकितच झालो.

“पिताजी हैं?” बाबूनं हळू आवाजात विचारलं.

“जी हां.”

“उम्र?”

“चौहत्तर.”

“चलो, उसकी मर्ज़ी. सबको एक दिन ये देखना पड़ता है, भाईसाहब. हिम्मत रखिए.”

मला गहिवरून आलं. यालाही लग्नाची बहीण असणार! “हिम्मत तो रखनी ही पड़ेगी,” मी म्हणालो. “पर इस बार लगता है हो ही जाएगा.”

बाबूनं माझ्याकडे असं काही पाहिलं, की ती नजर मला आजही आठवते.

दुसऱ्या दिवशी दादाची उलट तार आली : हिंमत ठेव, आत्याला घेऊन निघतोय. मग मात्र मला धडकी भरली. दादाही हिंमत ठेव म्हणतो, म्हणजे नाना हेही स्थळ मोडणार अशी त्यालाही भीती वाटतेय तर! नाना मात्र खूश. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण यमुना. “यमू येतेय? एवढ्या थंडीची? बघ, म्हणजे तिलाही हे स्थळ पसंत दिसतंय!”

रविवार उजाडला तो दाट धुक्यातच. नागपूरची गाडी सात वाजता यायची. मी स्टेशनावर गेलो तर गाडी साडेतीन तास लेट. अकराला पाहुणे येणार होते, म्हणून तसाच माघारी फिरलो. घरी धांदल उडालेली. आमचं सरोजिनी नगरचं क्वार्टर दोन खोल्यांचं, त्यात माणसं मावायची कुठे? म्हणून आम्ही खाटा बाहेर गवतावर काढून उभ्या केल्या होत्या. शेजारच्या मल्होत्राबाईंच्या पांढऱ्याशुभ्र चादरी आणून पुढच्या खोलीत जमिनीवर अंथरल्या होत्या. सुषमानं चार उदबत्त्या लावल्या. कुंदा आत पोह्यांसाठी कांदे चिरत होती, तिचे डोळे लालभडक. सगळं कसं मनासारखं झालं होतं. फक्त नाना “यमू येऊ दे, मग करतो” म्हणत दाढीची टाळाटाळ करत होते. कर्णिक पती-पत्नी आणि सुधीर फाटकाशी दिसले, तेव्हा कुठे ते टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे पळाले.

पाहुणे चादरीवर बसले. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात पहिली दहा मिनिटं कोणाला काय बोलावं ते सुचत नाही. सगळे मान खाली घालून चादरीकडे बघत होते. मल्होत्राबाईही हौसेनं डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. तेवढ्यात बाहेर टॅक्सी थांबली. मी धावत गेलो.

दादा, वहिनी आणि आत्या खाली उतरले. उभ्या केलेल्या खाटा पाहून दादा जागीच थिजला. उघड्या दारातून त्यानं आत पाहिलं. पांढऱ्या चादरी, उदबत्त्यांचा धूर, माना खाली घातलेली माणसं. त्यानं माझा दंड घट्ट धरला.

“कधी गेले?”

“हे काय, आत्ताच. दहा मिनिटं झाली असतील.”

“दहा मिनिटं!” दादाचा चेहरा पिळवटून निघाला. “धुक्यानं घात केला रे! काही बोलले जाताना?”

“गरम पाणी पुरणार नाही म्हणाले.”

“पाणी मागितलं? मग, दिलंत ना?”

“अर्धी बादली दिली. आता याहून जास्त कुठून आणू?”

दादानं डोळ्यांना रुमाल लावला. मला वाटलं, रात्रभराच्या प्रवासानं हळवा झालाय. पण मागे आत्यानं हे सगळं ऐकलं होतं. तिनं पिशवीतून गंगेचा गडू काढला (हो, नागपूरहून दिल्लीला गंगाजल!) आणि ती वाऱ्यासारखी आत शिरली.

“नाना रे! अर्धा तास थांबला नाहीस रे माझ्यासाठी!”

आणि समोर जी पहिली बाई दिसली तिच्या गळ्यात पडून तिनं हंबरडा फोडला. ती पहिली बाई म्हणजे नवऱ्या मुलाची आई! कर्णिकबाई मनानं फार मऊ. कोण गेलं हे विचारणं त्यांना प्रशस्त वाटलं नसावं. त्याही आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागल्या. ते बघून मल्होत्राबाईंनी “हाय रब्बा” म्हणून कपाळाला हात लावला. गोंधळ ऐकून कुंदा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिचे लाल डोळे पाहताच वहिनींनी तिला ट्रेसकट मिठी मारली. कर्णिकसाहेब घाईघाईनं उठून उभे राहिले. तीन पिढ्या दिल्लीत काढल्यावर अशा प्रसंगी मराठी कुठून सुचणार?

“अरे, मेलं कोण, हे कुणी बताएगा का?”

काय झालंय ते आता लख्ख दिसत होतं. जानेवारीच्या थंडीत माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. काहीही करून नानांना हे कळता कामा नये! आणि कर्णिकांना कळता कामा नये! आणि आत्याला मात्र तातडीनं कळायला हवं होतं!

तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं. कमरेला पांढरं धोतर, अंगात बंडी, एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर साबणाचा फेस, अशा अवतारात नाना चौकटीत येऊन उभे राहिले.

“यमे, कोण गेलं गं?”

आत्या किंचाळली. गडू हातातून निसटला आणि सगळी गंगा नवऱ्या मुलाच्या पँटवर!

“कोण गेलं?” नाना हादरले होते. ते मटकन चादरीवर बसले. “माझ्यापासून लपवू नका. श्री, कोण गेलं?”

“कोणी नाही हो, नाना. आत्याला तुम्हाला बघून आनंद झाला, म्हणून रडू आलं.”

“मी बाहेर यायच्या आधीपासून ती ‘थांबला नाहीस रे’ म्हणून ओरडत होती. आनंदानं असं कोणी ओरडतं?”

मी आणखी एक थाप जुळवत होतो. पण वहिनींना खोटं सहन होत नाही. त्या म्हणाल्या, “नाना, तुम्ही बरे आहात हीच देवाची कृपा. ह्यांनी तर चांगली तेरा दिवसांची रजा टाकलीय!”

नानांच्या गालावरचा फेस टपकन चादरीवर पडला.

“तेरा?” नाना सावकाश म्हणाले. “तेरा दिवस? कोणाचे? माझे?”

दादानं खिशातून तार काढली आणि त्यांच्यापुढे धरली. नानांनी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली, दोनदा वाचली.

“बरोबर तर आहे. मी सीरियस आहेच!”

“नाना, तारेत सीरियस म्हटलं की एकच अर्थ होतो!” दादा आता माझ्यावर उखडला. “कशाबद्दल सीरियस, ते लिहायला काय झालं होतं?”

“डिक्शनरीत पहिला अर्थ गंभीरपणे, मनापासून असाच आहे,” मी क्षीण आवाजात म्हणालो. “आमच्या ऑफिसात मेमो येतो, साहेबांनी सीरियस व्ह्यू घेतला आहे. म्हणून आम्ही साहेबांना हॉस्पिटलात शोधायला जात नाही.”

“तारेला डिक्शनरी जोडलेली नसते, गाढवा!”

“पण मी सविस्तर पत्र टाकलं होतं ना! त्यात कर्णिकांच्या स्थळाचं सगळं...” असं म्हणत मी सहज कोटाच्या खिशात हात घातला आणि तो तिथेच राहू दिला. बोटांना पाकीट लागलं होतं. जाडजूड, सविस्तर, तिकीट लावलेलं.

सुषमानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

कर्णिकसाहेबांनी घसा साफ केला. “हे बघा, आज माहोल जरा... आम्ही फिर कधी येऊ.” ते दाराकडे निघाले. अकरा स्थळं नानांनी मोडली होती, आणि त्यांना पसंत पडलेलं हे एकच, ते मी मोडलं होतं. एका शब्दात! कुंदाकडे बघायची माझी छाती होईना.

आणि तेव्हा ट्रे खुळखुळायला लागला. मला वाटलं, ती रडतेय. पण कुंदा हसत होती. ओठ घट्ट मिटून, डोळे खाली घालून ती हसू दाबत होती आणि पोह्यांच्या बशा एकमेकींवर आपटत होत्या. शेवटी तिला आवरेना. “अर्धी बादली!” एवढंच ती कशीबशी म्हणाली आणि ट्रे खाली ठेवून तिनं तोंड पदरात लपवलं. हा संवाद तिनं खिडकीतून ऐकला होता तर! चार लोक बघायला आलेले असताना मुलीनं खदखदून हसावं, हे त्या काळात शोभत नव्हतं. मी धास्तावून सुधीरकडे पाहिलं. तो भिजलेली पँट पिळत होता, आणि त्याचेही खांदे हलत होते.

“पापा, बसा ना,” तो वडिलांना म्हणाला. मग नानांकडे वळून, एकेक मराठी शब्द जुळवत, त्यानं अगदी सरळ सांगितलं, “नानासाहेब, मुलगी मला पसंत आहे. तिला मी पसंत असलो तर... मी पण सीरियस आहे.”

“अगं बाई!” आत्या पुन्हा ताठ झाली. “यालाही काय झालं?”

त्यावर कर्णिकसाहेब जे हसत सुटले ते भिंतीला टेकून खालीच बसले. कर्णिकबाई आता हसत होत्या की अजून रडत होत्या ते सांगता येत नव्हतं, कारण आत्याचा हात त्यांनी सोडला नव्हता. पोहे थंडगार झाले होते. ते सगळ्यांनी दोनदा घेतले. नानांनी अर्धी दाढी तशीच ठेवून सुपारी फोडली.

दुपारी मंडळी गेल्यावर बाहेर उन्हात खाट टाकून नाना पडले होते. मी अपराध्यासारखा त्यांचे पाय चेपत होतो. मग नाना हळूच म्हणाले, “यमू खरंच एवढी रडली?”

“खूप रडली, नाना.”

“हं.” ते आभाळाकडे बघत राहिले. चेहऱ्यावर समाधान होतं. “आणि अमरावतीचा बाळ का नाही आला?” (बाळ म्हणजे नानांचा पुतण्या.)

“त्याला दादानं कळवलं होतं. तो म्हणाला, दहाव्यापर्यंत पोचतो.”

“दहाव्यापर्यंत!” नाना ताडकन उठून बसले. “मी इथे सीरियस आणि हा दहाव्याला येणार? त्याला लग्नाचं बोलावणं करायचं नाही!”

तेरा दिवसांची रजा हाताशी होतीच. दादानं ती सगळी लग्नाच्या तयारीत लावली. पत्रिकेचा मजकूर नानांनी स्वतः लिहिला, प्रुफं सुषमानं तपासली, पाकिटांवरचे पत्तेसुद्धा मला लिहू दिले नाहीत. पत्रिका टाकायला आत्या स्वतः पोस्टात गेली. शेवटी लग्नाच्या दिवशी घरच्या सगळ्यांनी विचार करून मला एक काम दिलं, मांडवाच्या दारात बसून पाहुण्यांच्या चपला सांभाळायचं. त्यात इंग्रजीचा काही संबंध नव्हता. आणि अभिमानानं सांगतो, ते काम मी चोख केलं. साऱ्या लग्नात चपलांचा एकच जोड हरवला.

माझा.