रखमा मरणार नाही

मथुरा गेल्याची चिठ्ठी घेऊन शिपाई आला, तेव्हा मी वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक आखत होते. चिठ्ठी वाचली, माझ्या तासाला दुसऱ्या बाई पाठवल्या आणि निघाले. विषमज्वराचा एकविसावा दिवस होता. तो पार पडला की भीती नाही, असे डॉक्टर म्हणाले होते… पार पडला नाही. याला आता सहा आठवडे झाले. रडायचे ते रडून झाले आहे. हा लेख लिहिते आहे तो तिच्या शेवटच्या कादंबरीविषयी एक खोटी गोष्ट पसरते आहे म्हणून. त्या खोट्याची सुरुवात मीच केली, तेव्हा ते खोडणेही मलाच भाग आहे.

मथुरा आमच्या नाशिकच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवी आणि कादंबऱ्या लिही. मीही लिहिते. एवढे सोडले तर आमचे कशातच जुळत नसे. मी आधी सगळी प्रकरणे आखते, कोण कुठे भेटणार, कोण केव्हा मरणार, सगळे एका तावावर मांडते आणि मगच पहिले वाक्य लिहिते. मथुरा चहा पितापिता पहिले वाक्य लिही आणि त्याच्या मागे जाई. वार्षिक परीक्षा झाली की मुलींच्या जुन्या उत्तरपत्रिका ती घरी नेई आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत बसे. तिच्या हस्तलिखिताचे पान उलटले की मागे एखादीने त्रैराशिक चुकवलेले असायचे, नाहीतर गोदावरी अरबी समुद्राला नेऊन मिळवलेली असायची. पहिली कादंबरी तिने तीनदा लिहिली. दोनदा लिहिलेली बंबात घातली. "इतकी पाने जाळण्यापेक्षा एक ताव आखायचा," असे मी म्हटले, तर म्हणाली, "वेळापत्रकबाई, तुझी माणसं घंटा झाली की रडतात. माझ्या माणसांना घंटा ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?"

दुसरी कादंबरी सिन्नरच्या विड्या वळणाऱ्या बायकांवर. नायिका रखमा, नवऱ्याने टाकलेली. एका मासिकाने ती क्रमशः छापायची तयारी दाखवली, पण संपादकांचा नियम होता : संपूर्ण आराखडा हाती आल्याशिवाय पहिले प्रकरण छापायचे नाही. मथुरेने पत्र माझ्यापुढे टाकले. "शेवट मला ठाऊक असता, तर लिहायला कशाला बसले असते?" म्हणाली आणि मासिकाचा नाद सोडून देते म्हणाली. मला राग आला. एवढी चांगली कादंबरी एका कागदासाठी अडावी, हे मला पटेना. त्या रविवारी दुपारी मी दोन तासांत पंधरा प्रकरणांचा आराखडा लिहून दिला. अकराव्या प्रकरणात रखमेला खोकला, तेराव्यात क्षय, चौदाव्यात मृत्यू, पंधराव्यात नवऱ्याचा पश्चात्ताप. आराखडा उत्तम होता, हे मी आजही म्हणते. मथुरेने तो स्वतःच्या अक्षरात उतरवून पाठवला आणि संपादक खूश झाले.

दहा प्रकरणे जमेल तशी आराखड्याच्या आसपास चालली. मग ती सिन्नरला जाऊ लागली. रविवारी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने जायची, विड्या वळत बसलेल्या बायकांना नवे प्रकरण वाचून दाखवायची आणि संध्याकाळी परत यायची. एकदा मीही गेले. ठकूबाई म्हणून एक वयस्क बाई होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हात क्षणभर थांबत नव्हते. वाचन झाल्यावर तिने मान वर न करता विचारले, "बाई, तुमची ही रखमा लय रडते. हिला काम नाय का?"

बायका हसल्या. मथुरा म्हणाली, "नवऱ्यानं टाकलंय तिला, ठकूबाई."

"मलाबी टाकलंय. हिलाबी टाकलंय, ती कोपऱ्यात बसलीय तिलाबी. म्हणून काय पानं आपोआप वळत्यात?"

दोन आठवड्यांनी अकरावे प्रकरण तिने मला वाचायला दिले. त्यात खोकला नव्हताच. कारखान्याचा कारकून बायकांनी वळलेल्या विड्यांच्या चांगल्या जुड्या वाईट म्हणून बाजूला काढी आणि त्यांचे पैसे कापी. रखमा त्याच्या दारात जाऊन बसली होती आणि तिच्यामागे चाळीस बायका बसल्या होत्या. "खोकला कुठे आहे?" मी विचारले. मथुरा अगदी गंभीरपणे म्हणाली, "लावलं होतं गं खोकायला. दोन पानं खोकली. मग पाणी प्यायली आणि उठून गेली." त्यावरून आम्ही भांडलो. अशाने कादंबरी भरकटेल, वाचकाचा विश्वास जाईल, दिलेला शब्द मोडतो, असे सगळे मी म्हटले. तिने ऐकून घेतले आणि बारावे प्रकरणही तसेच लिहिले. तेरावे सुरू केले आणि अंथरुणाला खिळली.

शाळेच्या सभागृहात दुखवट्याची सभा झाली. संपादक मुद्दाम आले होते. ते म्हणाले, "मथुराबाईंच्या हातचा आराखडा आमच्यापाशी आहे. बाईंच्याच इच्छेप्रमाणे कादंबरी पूर्ण होईल." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. मथुरेचे थोरले बंधू डोळे पुसत म्हणाले, "तुम्हीच करा ताई. तिची शेवटची इच्छा समजा." तेव्हाच उठून सांगायला हवे होते. डोळे पुसणाऱ्या त्या भावासमोर, त्या दिवशी, माझी जीभ उचलली नाही… ही चूक माझी.

आता सांगते. तो आराखडा मथुरेचा नाही. माझा आहे. अक्षर तिचे, रखमेचा मृत्यू माझा. तो तिची इच्छा कधीच नव्हता. एका संपादकाचे तोंड बंद करायला मी केलेली ती सोय होती. मी आजही आखूनच लिहिते आणि पुढेही तसेच लिहीन, मला दुसरे जमत नाही. पण माझ्या आखणीने दुसरीने निर्मिलेल्या बाईला मारायचे, तेही ती बाई लिहिणारी गेल्यावर, हे माझ्याकडून होणार नाही. संपादकांनी दुसऱ्या कोणाकडून करवून घेतले, तर मी ते चालू देणार नाही.

माझ्यापाशी पुरावा आहे. बंधूंनी दिलेल्या हस्तलिखिताच्या गठ्ठ्यात सगळ्यात वरचा कागद उत्तरपत्रिकेचा नव्हता. माझ्या अक्षरातला, खाडाखोडीचा, त्या रविवारचा कच्चा आराखडा होता तो. मथुरेने तो जपून ठेवला होता असे वाटून मला क्षणभर बरे वाटले. मग उलटून पाहिला. कोरी बाजू दिसली म्हणून तिने तोही वापरला होता. तेराव्या प्रकरणाची सुरुवात, पेन्सिलीने, तापात लिहिलेली, ओळी खाली उतरत गेलेल्या. रखमा बोचके घेऊन मोटारीत चढते. मोटारवाला विचारतो, "कुठं जायाचं बाई?" रखमा म्हणते, "आधी बसू तर दे. मग सांगते." पुढे काही नाही.

संपादकांना मी कळवले आहे : एवढे छापा आणि खाली रेघ मारा. त्यांचे उत्तर आले की, अशा शेवटाने वाचक नाराज होतील. होऊ देत.

यंदाच्या परीक्षा संपल्या. कोऱ्या बाजूच्या उत्तरपत्रिका मी सवयीने मथुरेसाठी वेगळ्या काढल्या आणि मग हातात धरून बसले… कपाटात ठेवल्या आहेत. तो पेन्सिलीचा कागद मात्र पिशवीत घातला आहे. रविवारी सिन्नरला जाणार आहे. रखमेचे पुढे काय झाले, असे ठकूबाईने निरोप धाडून विचारले आहे. कागद वाचून दाखवीन आणि मला ठाऊक नाही, असे सांगेन.