साडूची मद्रासमधली भाकर

परक्या गावी कसं वागू नये हे ज्याला पाहायचं असेल, त्यानं एकदा माझ्या साडूबरोबर जावं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. शाळा माझी चौथीपर्यंत, त्याची तीही नाही. पण हिंडायची खाज भारी. ट्रंकेत कपडे कमी, तवा आणि ज्वारीचं पीठ जास्त. लॉज शोधायचा नाही. दिसेल त्या घराची कडी वाजवायची, पाणी मागायचं आणि ओट्यावर बैठक मारायची. समोरच्याला कळलं नाही तर तेच वऱ्हाडी दुप्पट जोरात बोलायचं. रायपूरला एका लग्नात पोटभर जेवून, वरबापाच्या हातात आहेर देऊन आला. लग्न भलतंच निघालं. आणि वरून मलाच म्हणतो, "जेवण मात्र झकास होतं गा!"

सत्तर सालच्या आसपास माझ्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन मद्रासला झालं. हा न बोलावता सोबत आला. ऑपरेशन नीट झालं, पण ती अन्नाला शिवेना. इडली पाहिली की तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाला, खाल्लं नाही तर हाती लागायची नाही. मी व्हरांड्यात बसून रडलो.

"काहून रडून राहिला गा? मी हाओ ना," म्हणत साडू तवा काखेत मारून निघाला.

समोरच्या गल्लीत एका बाईच्या दारात उभं राहून त्यानं हवेतच भाकर थापून दाखवली. तिनं आधी दार लावलं, मग हसत उघडलं. तिच्या चुलीवर यानं पहिली भाकर जाळली, दुसरी जमली. दुधात कुस्करलेली ती भाकर बायकोनं चार घास खाल्ली. दुसऱ्या दिवशी अर्धी. बारा दिवस त्या बाईनं चूल दिली.

निघायच्या दिवशी बायको तिची ओटी भरायला उठली आणि थबकली. बाईच्या कपाळी कुंकू नव्हतं, गळ्यात क्रूस होता.

"भाऊजी, भरू का नको?"

"जिनं चूल देल्ली, तिचं कपाळ काय पाहून राहिली वं? भर!"

बाईला काही कळेना. मग साडूनंच आपला दुपट्टा पसरून पदर कसा धरायचा ते दाखवलं. तांदूळ-नारळ पदरात पडले आणि दोघी गळ्यात पडून रडल्या.

त्यानंतर बायको सोळा वर्षं जगली. पोरीचं लग्न केलं, नातीच्या वेण्या घातल्या. मागच्या चैत्रात गेली. साडू उमरेडहून आला, माझ्याजवळ बसला.

मी म्हटलं, "भाऊ, ते सोळा वर्षं तुम्ही देल्ले मले."

"मी काय देल्लं गा? खाल्लं तर तिनं."

संध्याकाळची उमरेडची बस चुकली, तरी तो माझ्याजवळून उठला नाही.