मोहोळाकडे पाहणारे डोळे

मनोहर गेल्याची बातमी मला गिरडला कळली. टेकडीच्या पायथ्याशी आमची प्रचाराची सिनेमागाडी उभी होती. दोन बांबूंमध्ये मी पडदा ताणत होतो आणि वरच्या दर्ग्याकडून उतरणारी माणसं "आज कोनता खेळ हाये?" म्हणून विचारत होती. तेवढ्यात एसटीचा कंडक्टर माझ्याकडे आला, टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "वर्ध्याचे फोटोवाले मनोहरभाऊ तुमचेच दोस्त न? सकाळी गेले म्हनते..." मी "हो" म्हटलं आणि दोरीची गाठ मारत राहिलो. गाठ काही बसेना. खेळ रद्द करता आला असता, पण माणसं लांबून चालत आली होती, म्हणून केला. त्या संध्याकाळी मायक्रोफोनवर मी काय बोललो ते मला आठवत नाही. पडद्यावर येणारा प्रत्येक चेहरा त्यानंच टिपलेला असावा असं वाटत होतं, आणि त्यातले पुष्कळ होतेही त्याचेच.

मनोहर वर्ध्याच्या बाजारातल्या कापडवाल्याचा मुलगा. घरात तीन पिढ्या गादीवर बसून कापड मोजण्यात गेल्या, आणि हा दिवटा गादी सोडून फोटो काढायला लागला. वडिलांनी वर्षभर अबोला धरला, मग आपलाच फोटो काढून घ्यायला स्टुडिओत आले आणि गुपचूप पैसे ठेवून गेले. पुढे खेड्यापाड्यांत दाखवायचे छोटे छोटे चित्रपट काढणाऱ्या सरकारी पथकात त्याला कॅमेरामनची नोकरी लागली. मी त्याच खात्यात निवेदक होतो. चित्रपट हिंदीत असायचे, नाहीतर पुस्तकी मराठीत. ते चालू असताना शेजारी उभं राहून आपल्या बोलीत समजावून सांगायचं, हे माझं काम. तो मला "भोंगा" म्हणायचा. मी त्याला "हनुवटी" म्हणायचो. कारण समोर कलेक्टर असो की गुराखी, कॅमेऱ्याला डोळा लावला की याच्या तोंडून पहिला शब्द तोच निघायचा, "हनुवटी जरा वर!"

त्याला कारण होतं. आपल्याकडचं ऊन डोक्यावरून पडतं. पागोट्याची आणि पदराची सावली डोळ्यांवर येते आणि फोटोत डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. त्यातून माणूस सावळा असला, म्हणजे तर बघायलाच नको. पथकातले बाकीचे लोक कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते पांढऱ्या धोतरावरून ठरवायचे. त्यात धोतर झकास यायचं आणि माणूस तव्याच्या बुडासारखा. मनोहरला ते खपत नसे. "अबे, उजेड मानसाच्या तोंडाले पायजे, धोतराले नाई," असं तो साहेबासमोर म्हणायचा आणि शेतमजुरांचे चेहरे टिपताना एकेकाला हनुवटी वर करायला लावायचा. मग त्या चेहऱ्यांवर असा काही उजेड यायचा, डोळ्यांत अशी चमक उतरायची, की पाहत राहावं. मला त्याच्या सगळ्या कामात हेच फार आवडायचं.

समुद्रपूरकडच्या एका गावात पथकानं विहिरीवरचा चित्रपट काढला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गोष्ट नागपूरच्या कचेरीत लिहिलेली होती. गावच्या पाटलांचं हृदयपरिवर्तन होतं, ते विहीर सर्वांना खुली करतात, आणि चौथऱ्यावर उभे राहून भाषण करतात. पाटलांचं काम खऱ्या पाटलांनीच केलं. खरी हकीकत अशी, की विहीर खुली झाली ती भागरताबाई नावाच्या एका विधवा बाईमुळे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायकांना घेऊन, रिकामे हंडे पुढ्यात ठेवून ती विहिरीपाशी बसून राहिली होती. शेवटी तहसीलदार आले, आणि पाटलांना गप्प राहावं लागलं. मनोहरला हे ठाऊक होतं. म्हणून वस्तीच्या लोकांचे चेहरे तरी असे टिपायचे, की बघणाऱ्यानं म्हणावं ही माणसं कोणाची मिंधी नाहीत, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

भाषण देऊन पाटील जेवायला घरी गेले, आणि भर दुपारी मनोहरनं वस्तीतल्या लोकांचे चेहरे घ्यायला सुरुवात केली. भाषण ऐकणारी माणसं म्हणून हे तुकडे नंतर कामी येतात, एवढंच त्याला सांगण्यात आलं होतं. मी तिथेच पिंपळाखाली बसलो होतो. भागरताबाई पुढे होती. मनोहर म्हणाला, "बाई, हनुवटी वर करा. वर पाहा."

"वर काय पाहू? वर काय हाये?"

"मोहोळ आहे न पिंपळावर. आग्यामोहोळ."

"अगं माय!" म्हणून बाईनं वर पाहिलं, आणि तिच्यामागे सगळ्यांनीच पाहिलं. ते मोहोळ खरोखरच चांगलं सुपाएवढं लोंबत होतं. कोणी हसत होतं, कोणाला ते आता उठतं की काय अशी धास्ती होती, एक म्हातारा दोन्ही हात कपाळाशी नेऊन उन्हाची तिरीप अडवत होता. मनोहरचा कॅमेरा घरघरत राहिला. काम आटोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "गज्या, आज जे भेटलं न, ते जिंदगीत नाई भेटलं." त्याचा इतका आनंदी चेहरा मी त्यानंतर पाहिला नाही.

चित्रपट तयार होऊन यायला हिवाळा उजाडला. मधल्या दसऱ्याला सगळी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली होती. पाटलासमोर वाकणं, वाटेत पायातलं काढणं, सगळं सुटलं होतं. चावडीसमोरच्या मैदानात आम्ही पडदा लावला तेव्हा ती माणसं पांढऱ्या कपड्यांत आली आणि कडेला न बसता पुढे येऊन बसली. मनोहरला त्या दिवशी काही काम नव्हतं. लोकांना त्यांचे चेहरे बघताना बघायचं, म्हणून तो हौसेनं गाडीत बसून आला होता.

पडद्यावर आधी पाटील आले. कॅमेरा चौथऱ्याच्या खाली असल्यामुळे ते पिंपळाएवढे दिसत होते. मग भागरताबाईचा चेहरा आला... वर पाहणारा, उजेडानं भरलेला. मग पुन्हा पाटील, हात उंचावून. मग हसऱ्या पोरी, वर पाहणाऱ्या. पुन्हा पाटील. मग तो म्हातारा, आणि त्याचे कपाळाशी नेलेले दोन्ही हात. ते हात जोडल्यासारखे दिसत होते. मी हातातला मायक्रोफोन खाली ठेवला. मोहोळाकडे पाहणारी ती सगळी माणसं पाटलाकडे पाहत होती, देव दिसल्यासारखी. पाटलाच्या बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे बसलेल्या पांढऱ्या कपड्यांतलं कोणीही हललं नाही.

खेळ संपल्यावर भागरताबाई गाडीशी आली. तिनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, असं मनोहर पुढे कितीदा तरी म्हणाला. ती म्हणाली, "भाऊ, मी त्याच्याकडे कदी पाह्यलं वो असं? जनमात पाह्यलं नाई."

"बाई, ते मी नाही जोडलं. कापणारा, जोडणारा वेगळा असतो, नागपूरले. मी फक्त चेहरे घेतले."

"मान वर कराले कोनं सांगतलं होतं?"

"...मीच."

"मंग झालं तं," ती म्हणाली आणि पोरीबाळींना घेऊन निघून गेली.

 दुसऱ्या दिवशी मनोहर नागपूरला गेला, त्यानंतरही जात राहिला. एकदा मी बरोबर होतो. चित्रपटाची जोडणी करणारे गृहस्थ सज्जन होते, त्यांनी आम्हाला संत्री दिली. ते म्हणाले, "अहो, यात खोटं काय आहे? पाटील खरे, माणसं खरी, विहीर खरी. मी एक तुकडा बाहेरून आणलेला नाही." मनोहर म्हणाला, "साहेब, तुकडे सगळे खरे आहेत. खोटं सांध्यात आहे." त्यांना ते समजलं की नाही, देव जाणे. चेहरे फार सुंदर आले आहेत, त्यांच्यामुळेच भाषण उठून दिसतं, असं त्यांनी वर कौतुक केलं. तो चित्रपट मग गावोगाव दाखवला गेला. मनोहरनं नोकरी सोडली आणि पुन्हा वर्ध्याच्या आपल्या स्टुडिओत येऊन बसला. मी त्याला खूप समजावलं, शिव्याही दिल्या. घरी बायको, नोकरी सरकारी, आणि हा माणूस एका सांध्यापायी उठून आला! "तू आपला भोंगा वाजव," एवढंच तो म्हणाला.

स्टुडिओत त्यानं एक गोष्ट बदलली. कोणालाही हनुवटी वर करायला सांगणं बंद केलं. बसणाऱ्याच्या मांडीपुढे तो पांढरी चादर ताणून धरायचा, खिडकीतला उजेड तिच्यावर पडून खालून चेहऱ्यावर चढायचा. कॅमेऱ्याचे तीन पाय तो वर-खाली करत बसायचा, भिंग बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. गिऱ्हाईक कंटाळायचं. त्याची बायको, सुमनवहिनी, आतून ओरडायच्या, "अहो, लग्नाचा मुहूर्त टळेल त्यांचा!" त्या वस्तीतली माणसंही पुढे पुढे त्याच्याकडे येऊ लागली. नोकरीच्या अर्जाला लागणारे फोटो, नव्या जोडप्यांचे फोटो तो मन लावून काढायचा. भागरताबाई मात्र आली नाही.

म्हणून तोच जायचा. कॅमेरा सायकलला बांधून स्टँडवर, तिथून एसटीनं, पुढे पायी. बाई त्याला खाटेवर बसवायची, चहा करायची, पोराबाळांची विचारपूस करायची. "एकदा पाहतो, बाई," म्हणून त्यानं कॅमेऱ्याला हात घातला की म्हणायची, "च्या घ्या भाऊ. फोटो नोको." मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, किती वेळा जाशील? नाही म्हणते न ती." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "बराबर म्हनते ते. तिचा काय भरोसा बसावा माह्यावर?" मग म्हणाला, "मले फोटो नाई पायजे रे. तिनं एकदा सरळ माह्याकडे पाहावं, अन् म्या ते पाहावं, इतकंच."

यंदा पावसाळ्याच्या शेवटी त्याला तापानं धरलं. छातीत कफ साठला आणि सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. आमची शेवटची भेट तिथली. अंगात हाडं तेवढी उरली होती, पण बोलणं तसंच. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या तोंडावर सकाळचा उजेड किती छान येतो, ते त्यानं मला दाखवलं. निघताना म्हणाला, "दिवाळीनंतर जावाचं हाये बाईकडे. तू चाल सोबत. भोंगा पाहून तरी हासंल ते." मी "येतो" म्हटलं. मला खरंच वाटलं होतं, की आम्ही जाऊ.

परवा सुमनवहिनींना भेटायला गेलो होतो. स्टुडिओ बंदच आहे, पण त्या रोज दार उघडून झाडलोट करतात. आम्ही दोघं बसलो होतो.  दारात सावली पडली म्हणून पाहिलं, तर भागरताबाई. एकटीच एसटीनं आली होती, विचारत विचारत. पायरीवर चपला काढू लागली, मग न काढता आत आली. "भाऊ गेला म्हनते," ती म्हणाली, "मले उशिरा समजलं." वहिनींना रडू आवरेना. बाईनं त्यांना जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तो फोटो काढे ते मशीन कोनतं?"

वहिनींनी कॅमेऱ्यावरचं काळं कापड काढलं. बाई समोरच्या स्टुलावर जाऊन बसली. बसकी, ठेंगणी बाई. भिंग तिच्या डोक्यावरून पाहत होतं. वहिनी पुढे झाल्या आणि नवरा करायचा तसाच कॅमेऱ्याचा एकेक पाय खाली घेत गेल्या, भिंग बाईच्या डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या ओशाळून म्हणाल्या, "बाई, यात फोटो उमटायची काच घातलेली नाही. फोटो नाही निघायचा."

"फोटो कोनाले पायजे?" बाई म्हणाली. "तो पाहातो पाहातो म्हने न... पाहू द्या त्याले."

तिनं पदर सारखा केला आणि सरळ भिंगात पाहिलं. हसली नाही, रडली नाही. बाहेर टांगेवाले भांडत होते, कोणीतरी कोणाला हाका मारत होतं. ती पाहत राहिली. तिचं पाहणं संपेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही. मग ती उठली, वहिनींच्या हातचा चहा प्यायली आणि साडेचारच्या एसटीला गेली.

ते काळं कापड वहिनींनी परत टाकलं नाही. कॅमेरा तसाच उघडा आहे, बाईच्या डोळ्यांएवढ्या उंचीवर.