हरिपूरच्या नावेचा खल

आडतीतली हळद कधी ना कधी विकली जाते, किस्से मात्र पडून राहतात. गिऱ्हाईक नाही म्हणून साचत जातात. त्यातला हा नावेचा. इतक्या वर्षांनीही आठवला की माझं डोकं तापतं.

लढाई संपली त्या साली सांगलीच्या घाटावरच्या येसबा नावाड्यानं नवं खूळ काढलं. मोठ्या नावेवर ताडपत्रीचं छत घालून मंगळवारी आणि रविवारी तो माणसांना हरिपूरच्या संगमापर्यंत नुसतं फिरवून परत आणायचा.

आमची बायको जतकडची, कोरड्या मुलखातली. ती म्हणाली, "आवं, मला एकदा त्या नावेत बसायचं हाय." लग्नाला दोन वर्षं झाली होती, तिनं तोंडानं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. आणि महिन्याभरात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघायची होती.

पण एकट्या बायकोला घेऊन नावेतून हिंडलो असतो तर पेठेनं मला जगू दिलं नसतं. आडतीतल्या सगळ्यांनी घरच्यांसकट निघायला हवं होतं. इथंच घात झाला.

*

पहिला आडवा आला बापू मापाडी. पोती तोलता तोलता म्हणाला, "दिवाणजी, पोटुशी बाईनं नदी वलांडू न्हाई."

मी म्हटलं, "अरे, ओलांडायचीच नाही. संगमापर्यंत जायचं आणि याच काठाला परत यायचं."

बापूनं तराजू थांबवला. "याच काठाला यायचं? मग जायचं कशाला?"



*

मग सगळ्यांचं ठरलं की जाणत्या माणसाला विचारावं. जाणता म्हणजे आमचा राखणदार सुभाना. मेढ्याकडचा गडी, पलटणीतून नुकताच सुटून आलेला. आमच्यात जहाजात बसलेला तेवढा एकच.

त्यानं अख्खी दुपार खाल्ली. जहाज केवढं, शिट्टी कशी, साहेब कसा, भात कसा कच्चा. शेवटी मीच कावून विचारलं, "ते असू दे. पाण्यातनं जाताना बरं वाटतं का, तेवढं सांग."

"पानी कुनी बघितलंय? सोळा दिस खाली कोंडलं हुतं. मला लय वकाऱ्या झाल्या."

त्या वकाऱ्यांवर चर्चा करण्यात दोन आठवडे गेले. बायको विचारायची बंद झाली, ते मला जास्त लागलं.

*

शेवटी दलाल तात्या मध्ये पडले. हळदीचा भाव आमच्यात तोंडानं ठरत नाही. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबायची. तात्या म्हणाले, "हेबी तसंच ठरवू. एक बोट म्हंजे जायचं, दोन म्हंजे न्हाई."

तात्यांनी तिघांचे हात रुमालाखाली घेतले, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "न्हाई जायचं."

सांजच्याला मी बापूवर भडकलो. तो म्हणाला, "आईच्यान, मी एकच बोट दाबलं." सुभानानंही एकच. मी तर एकच. तिघं मिळून तात्यांकडं गेलो.

तात्या शांतपणे रुमालाची घडी घालत म्हणाले, "सौद्यातलं बोट भाईर बोलायचं नसतं."

*

मी तेव्हा असा काही बिथरलो की तात्याही नरमले. बायको माहेरी जायला आठच दिवस उरले होते. "बरं बाबा, आदी नदी बघून घिऊ. मग काय ते ठरवू," ते म्हणाले.

म्हणून मंगळवारी दुकान लवकर आवरून आम्ही चौघं घाटावर. बापूनं दोरीला वजनाचं माप बांधून पाण्यात सोडलं. खोल किती, ओढ किती, यावर तात्या आणि सुभाना भांडायला लागले.

तेवढ्यात वळणावरून येसबाची नाव आली. छताखाली तात्यांच्या घरच्या काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. शेजारी बापूची बायको. आणि पुढच्या टोकाला आमची, एक हात कोपरापर्यंत पाण्यात घालून.

नाव घाटाला लागली. तात्यांनी घसा खाकरून आमच्या बायकोलाच विचारलं, "काय सूनबाई, जान्यासारकी हाय का?"

तिनं पदराला हात पुसला, काकूंकडं बघितलं आणि म्हणाली, "आमचं अजून ठरलं न्हाई, तात्या. आयतवारी परत बसून बघतो, मग सांगतो."